बहिरी कुत्री आणि आबांची टाच

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. कानानं ठार बहिरं पिल्लू मी घरी आणलं, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “शिकून हेच केलंस व्हय? ही म्हशी काय राखणार?” चांगलं घर मिळेपर्यंतच ठेवायचं, असं ठरलं.

हाक तिला ऐकू यायची नाही, म्हणून मी गोठ्याच्या फरशीवर टाच आपटायची. पायांना हादरा जाणवला की ती वळायची आणि भाकरीच्या तुकड्यासाठी धावत यायची. “कॉलेजात नाचायला शिकलीस वाटतं,” असं म्हणून आबा हसायचे.

पुढे हातकणंगल्याचं एक जोडपं तिला न्यायला आलं. माणसं चांगली होती. कुत्री पाठ करून बसलेली. मी पुढं होण्याआधीच आबांनी टाच आपटली, अगदी सवयीनं. ती धावत येऊन त्यांच्या पायाशी बसली. आबांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला.

“पावणं, च्या घेऊनच जावा,” आबा म्हणाले. “कुत्रं मातुर द्यायचं न्हाय.”

“अहो, पण तुमच्या मुलीनंच बोलावलं की!”

“ती शिकलेली हाय. तिला काय कळतंय?”

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी हसू लपवत चहा ठेवायला आत गेले.