चांगले जंतू आणि लघवीची सुट्टी

किस्से कुठे साठतात माहितीय? जिथे माणसांना उभं राहण्यावाचून इलाज नसतो, तिथे. कळव्याच्या आमच्या शाळेत अशी जागा म्हणजे लेडीज टॉयलेटबाहेरचा पॅसेज. सगळ्या शिक्षिकांना मिळून टॉयलेट एकच, त्याची आतली कडी तुटलेली. त्यामुळे एक जण आत आणि दुसरी बाहेर दार धरून उभी! दार धरून उभी राहिलेली बाई गप्प कशी बसेल? सासू, सून, सिरियल, सगळं निघतं. हल्ली मात्र आमच्याकडे विषय एकच चाललाय. पोट आणि पोटाच्या खालचं. म्हणजे जंतू. चांगले जंतू!

मी विज्ञान शिकवते. त्यामुळे या शाळेत जंतूंबद्दल सगळ्यात जास्त मलाच कळतं, असा माझा समज होता. मग नेहा आली.

*

नेहा आमची गणिताची नवी टीचर, डोंबिवलीहून येते. पहिल्याच दिवशी तिने टेबलावर एक भलीमोठी पाण्याची बाटली ठेवली. बाटलीवर खुणा आणि खुणांपुढे शाबासक्या. ‘छान सुरुवात!’, ‘थांबू नकोस!’, ‘जवळजवळ पोचलीस!’

इतिहासाच्या कांबळे बाई आमच्यातल्या सगळ्यात सीनियर, कोपरीच्या. त्यांनी बाटली हातात घेऊन शिलालेख वाचावा तशी वाचली.

“हे सगळं पिणार तू?”

“हो मॅम! पाणी प्यायलं की सगळं फ्लश होतं.”

“बाळा, आपल्याकडे तेवढंच होत नाही,” बाई म्हणाल्या. “या शाळेत पाणी प्यायचं नसतं. घोटभर घ्यायचं, तेही बीपीची गोळी गिळायला.”

आम्ही हसलो, पण बाई काही खोटं सांगत नव्हत्या. आमच्यातल्या निम्म्या जणी सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत तोंड कोरडं ठेवूनच शिकवायच्या. मुलांना लघवीची सुट्टी असते. त्या सुट्टीत टीचरची मैदानावर ड्युटी असते!

आठवड्याभरात ती बाटली खिडकीत गेली. तिच्यात मनी प्लांटची फांदी. त्या फांदीची तब्येत मात्र झकास सुधारली!

*

एकदा मी दार धरून उभी होते आणि आतून नेहाचा आवाज आला, “राणे मॅम, एक विचारू?”

दाराआडून माणूस खरं बोलतं. पोरीला लघवीला जळजळ होत होती, बरेच दिवस. रील्स बघून तिने ऑनलाइन प्रोबायोटिकच्या गोळ्या मागवलेल्या, आणि लॅव्हेंडरच्या वासाचा एक वॉशही. सकाळ-संध्याकाळ वापरायची. म्हटलं, चल आधी डॉक्टरकडे.

स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टर बाई. वेटिंग रूम खच्चून भरलेली. त्यात नेहाच्या वर्गातल्या मुलाचे वडील समोरच बसलेले. काउंटरवरचे काका खणखणीत आवाजात म्हणाले, “काय त्रास होतोय?”

नेहा म्हणाली, “घसा.”

काकांनी घसा लिहिला. आत गेल्यावर डॉक्टर बाईंनी टॉर्च घेतला, “आ कर.” आणि या मुलीने आ केला!

“घसा तर मस्त आहे,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

नेहा तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मीच म्हटलं, “डॉक्टर, घसा जरा खाली आहे.”

मग लघवीची तपासणी झाली, औषध लिहून झालं. लॅव्हेंडरचं ऐकल्यावर डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघ, योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात. ते आम्ल तयार करतात, म्हणून वाईट जंतूंची डाळ तिथे शिजत नाही. तू दिवसातून दोनदा त्यांना सुगंधी पाण्याने घराबाहेर काढतेस आणि गोळ्या खाऊन परत बोलावतेस. त्यांनी नक्की काय करायचं? एकदा ठरव!”

*

यानंतर स्टाफरूममध्ये दह्याची लाट आली.

कांबळे बाईंच्या सासूबाई घरी दही लावतात. सुरीने कापावं असं घट्ट! त्यांचं विरजण मागायला एका रविवारी मी आणि नेहा कोपरीला गेलेलो. नेहाला मात्र विरजणाची माहितीही हवी होती. “आजी, यात अंदाजे किती कोटी बॅक्टेरिया असतील?”

आजी वाटीवर झाकण ठेवत होत्या. म्हणाल्या, “पोरी, आमच्या एका खोलीत किती माणसं राहून गेली ते मी कधी मोजलं नाही. हे कुठे मोजू?”

पण कांबळे बाईंचंही काही खरं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी शाळेतल्या प्रत्येक दुखण्यावर दही सुरू केलं. पित्त, दही. डोकेदुखी, दही. मराठीच्या टीचरचा गुडघा आखडला, तर तिला म्हणाल्या, “दही.”

तिने घाबरून विचारलं, “खायचं की लावायचं?”

हे मी डॉक्टर बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “खायचं! फक्त खायचं! कुठेही लावायचं नाही, हे त्यांना माझं नाव घेऊन सांगा. पोटाला चांगलं आहे ते. पण दह्यातला प्रत्येक जंतू सगळीकडे जाऊन ड्युटी करेल, अशी आशा ठेवू नका.”

*

मग महिला दिन आला. आमचे हेडसर सज्जन माणूस. मराठी इतकं शुद्ध की त्यांनी रजा नाकारली तरी ऐकायला बरं वाटतं. त्यांनी आपल्या ओळखीचे एक वयस्कर डॉक्टर व्याख्यानाला आणले आणि प्रास्ताविक केलं, “आज डॉक्टरसाहेब भगिनींच्या आरोग्याच्या एका, अं, विशिष्ट पैलूविषयी मार्गदर्शन करतील.”

मुली बसणार म्हणून सरांनी डॉक्टरांना स्लाइडवरची आकृती काढायला लावली होती. डॉक्टरांनी आकृती काढली, बाण राहिले! पांढऱ्या पडद्यावर चारी बाजूंनी बाण, मध्ये काहीच नाही. त्या रिकाम्या जागेकडे काठी दाखवत डॉक्टर सांगत होते, “आतड्यातले जंतू इथून तिथे जातात. अंतर काही फार नाही. तिथे चांगले जंतू असले तर बरं. तिथे स्वच्छता हवी, पण तिथे साबण नको.”

आमच्या पी.टी.च्या म्हात्रे मॅडम बाळकुमच्या. मैदानावरून हाक मारली तर रेल्वेच्या कारशेडपर्यंत ऐकू जावी असा आवाज. त्यांनी हात वर केला.

“डॉक्टर, मघापासून तिथे तिथे चाललंय. तिथे म्हंजे कुठं? भिवंडीला?”

हेडसर ताडकन उठले. “चहा आलेला आहे!”

चहा यायला पुढे अर्धा तास होता.

*

कडी बसवून द्या म्हणून आम्ही संस्थेकडे अर्ज केलेला. त्याचं उत्तर म्हणून एक दिवस ट्रस्टी साहेब स्वतः आले. सोबत फोटोग्राफर आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये प्रोबायोटिक ड्रिंकच्या छोट्या छोट्या बाटल्या. स्टाफ वेलनेस!

साहेबांनी भाषण केलं, “आमच्या भगिनींचं आरोग्य आतून सुधारलं पाहिजे!”

कांबळे बाई माझ्या कानात म्हणाल्या, “आतून कडी लावता आली असती तरी सुधारलं असतं.”

आमच्या बाजूला प्लग पॉइंट फक्त पॅसेजमध्ये, म्हणून फ्रिज तिथेच बसला. आता टॉयलेटचं दार अर्धंच उघडायला लागलं. बारीक असणाऱ्या जणी सरळ जायच्या, बाकीच्या आडव्या.

बाटल्या मात्र आमच्या वाट्याला आल्याच नाहीत. चित्रकलेचे सावंत सर ‘चांगले आहेत ना, मग जास्त घेऊया’ म्हणत सहामाही परीक्षेच्या सकाळी सहा-सात बाटल्या सलग प्यायले आणि सुपरव्हिजनला माझ्या शेजारच्या वर्गात गेले. पेपर सुरू झाला. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत सरांचं पोट बोलायला लागलं. मुलं माना वर करून बघतायत, सर खिडकीबाहेर बघतायत. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी अगदी काळजीने म्हणाली, “सर, तुम्ही जाऊन या. आम्ही कॉपी करणार नाही!”

*

यातला एक किस्सा मी सहसा सांगत नाही, पण त्याच्याशिवाय बाकीचे अर्धे राहतात.

क्रीडा महोत्सवाच्या तयारीत म्हात्रे मॅडम दिवसभर मैदानावर असायच्या. त्यांनाही जळजळ सुरू झाली. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, “मना काय झालंय? धडधाकट हाय मी.” ताक प्यायच्या, नेहाने दिलेल्या प्रोबायोटिकच्या गोळ्या घ्यायच्या आणि शिट्टी मारायला निघायच्या. एके दुपारी रिलेच्या सरावात मी त्यांना पायरीवर बसलेलं बघितलं. त्या कधी बसत नाहीत. भर उन्हात दात वाजत होते. कंबरेत कळ एवढी की उभं राहता येईना. रिक्षात त्यांनी माझा हात धरला, त्यांचा तळवा तव्यासारखा तापलेला.

ठाण्याच्या हॉस्पिटलात कळलं, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. बाहेर बाकावर नेहा रडायला लागली, “मीच गोळ्या दिल्या त्यांना!” कांबळे बाईंनी तिला जवळ घेतलं. कुणालाच काही विनोदी सुचलं नाही.

अँटिबायोटिकच्या सलाइननी ताप उतरला. पण पोट बिघडलं. मग तिथल्या डॉक्टरांनी काय दिलं असेल? प्रोबायोटिकची पुडी! म्हात्रे मॅडम पुडीकडे बघतच राहिल्या. “मी खाल्ली तवा चुकीची, आणि तुम्ही दिली की बरोबर?”

डॉक्टर म्हणाले, “तेव्हा तुम्ही तिला औषधाचं काम दिलं होतं. ती मदतनीस आहे, तिला तेवढंच करू द्या.”

संध्याकाळी हेडसर शहाळं घेऊन आले. “म्हात्रे मॅडम, हे कशामुळे उद्भवलं म्हणायचं?”

“लघवी दाबून, सर.”

सर सलाइनच्या बाटलीकडे बघायला लागले. “म्हणजे, शाळेच्या वेळेत?”

“नाय सर. सुट्टीच्या दिवशी हौसेनं दाबते.”

पुढच्या सोमवारी कडी बसली. फ्रिज हेडसरांच्या ऑफिसात गेला.

*

आणि हा शेवटचा. नववीला उपयुक्त सूक्ष्मजीव शिकवत होते. दरवर्षी मी दही, ढोकळा, आतडी इथपर्यंत येऊन धडा संपवायचे. यंदा फळ्यावर तिसरी जागा लिहिली, योनी. तोंडानेही म्हटलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती ओसरेपर्यंत थांबले आणि तिथले चांगले जंतू कमी झाले तर काय होतं, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हेडसरांचा निरोप. ऑफिसात एका मुलीचे वडील बसलेले, मांडीवर हेल्मेट. सर घामाघूम.

“मॅडम, काल वर्गात तुम्ही काय शिकवलंत?” वडिलांनी विचारलं.

“हे पाहा,” सर घाईने म्हणाले, “तो शब्द अनवधानाने...”

“शब्दाचं नाही हो, सर.” त्यांनी हेल्मेट फिरवलं. “काल जेवायला बसलो होतो. मुलगी सगळं सांगायला लागली, तो शब्द घेऊन. माझी आई समोर बसलेली. मी ओरडणार, तेवढ्यात आमच्या हिने ताट बाजूला सारलं आणि पोरीला विचारलं, ‘ते जंतू कमी झाले तर काय होतं गं?’ पोरीने सांगितलं. खाज, जळजळ, वास. ही म्हणाली, ‘मला होतंय. गणपतीच्या आधीपासून.’”

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं.

“आणि माझी आई म्हणाली, ‘मलाही व्हायचं. मी कुणाला सांगणार?’” त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. “एका घरात राहतो आम्ही, मॅडम. ती तुमची डॉक्टर लेडीज आहे ना?”

मी डॉक्टर बाईंचा पत्ता कागदावर लिहून दिला. त्यांनी कागदाची घडी खिशात ठेवली, नमस्कार केला आणि निघून गेले. मीही उठले. दारापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात मागून हाक आली.

“मॅडम.”

“हो सर?”

सर टेबलावरचा पेपरवेट सरळ करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो पत्ता... आणखी एका कागदावर लिहा.”