पलीकडच्या ओढ्यावरच्या पाणनिवळ्या

गुम्पिलमामांची मी पुतणसून. या डुसुन लोकांच्या गावात माझे केस पिकले, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. माणूस भला, पण लाजरा इतका की लाजेपायी खोटं बोलला.

आमच्या ओढ्यावर पिवळ्या पाठीची पाणनिवळी असते, पाण्यावर न बुडता पळणारा लांब पायांचा किडा. गर्द सावली आणि नितळ पाणी असेल तिथेच ती राहते. गाळ आला की संपली. ती आणखी कुठे सापडते याचा नकाशा करायला शहरातून एक बाई आल्या. मामांना सगळं रान पाठ, म्हणून त्यांना सोबत घेतलं. शेवटी बाईंचा पाय मुरगळला आणि डोंगरापलीकडचा ओढा मामांनी एकट्यानेच पाहून यायचं ठरलं.

त्या ओढ्याची वाट सोम्पुआनच्या अंगणातून जाते. तरुणपणी मामांनी तिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं होतं, तेही तोंड न दाखवता. मामा डोंगराच्या माथ्यावर बसले, विडी ओढली आणि परत आले.

"तिकडे नाहीत," म्हणाले. नकाशावर तो ओढा कोरा राहिला.

पुढे तेलताडाच्या मळ्याला जागा शोधणाऱ्यांनी तोच नकाशा पाहिला. पाणनिवळीची खूण होती म्हणून आमची बाजू सोडली, पलीकडचं रान सपाट केलं.

मामांची अन्नावरची वासना उडाली. आमच्यात कुणाचं वाईट केलं की सोगित द्यावं लागतं: त्याच्या दारी डुक्कर कापायचं, दोघांनी एकत्र जेवायचं, मग अपराधाने तापलेलं निवतं. मामा डुक्कर घेऊन सोम्पुआनकडे निघाले. मीही गेले, नाहीतर मामा पुन्हा माथ्यावरूनच परतले असते.

"दात पडल्यावर सुचलं होय रे?" सोम्पुआन दारातूनच म्हणाली.

"लग्नाचं नाही. ओढ्याचं आहे," मामा जमिनीकडे बघत म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

तिचं हसू मावळलं. "म्हणजे तू आलाच नव्हतास? अरे, माझ्या परसात पाणी भरताना घागरीभोवती नाचायच्या त्या!"

"तुझ्यासमोर यायची लाज वाटली."

"मेल्या, चार शिव्या घातल्या असत्या आणि भात वाढला असता. एवढंच झालं असतं."

मामांना मान वर करवेना. तिने डुक्कर मात्र नाकारलं नाही. कापलं, शिजवलं, केळीची पानं मांडली. पाणी पावसाचं साठवलेलं होतं, ओढ्याचं आता चिखलासारखं येतं.

"माझ्या वाट्याचं मी जेवते, जा, तुला माफ केलं," ती पानावर बसत म्हणाली. "पण ओढ्याच्या वाट्याचं कोण जेवणार रे?"

मामांनी घास उचलला आणि तसाच पानात ठेवला.