नऊ मार्कांचा पिराजी

आमच्या प्रेसमध्ये दादासो कुरणे यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी त्या नावाचा काही संबंध नव्हता. दहावीच्या गणितात चौतीस मार्क पडले आणि एका मार्कापायी त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. छापलेल्या कागदांची गड्डी मशीनखाली लावायची, दाब द्यायचा, पातं खाली आणायचं. लग्नपत्रिका असो, गुळाच्या ढेपेचं लेबल असो, त्यांच्या हातची कड बोटानं चाचपून ओळखू यायची.

मी मनाली, त्याच प्रेसमधली डीटीपीवाली. बारावीला ब्याऐंशी टक्के, टायपिंगच्या सगळ्या परीक्षा पहिल्या झटक्यात पास. मार्कांवर माझा तेव्हा भलताच विश्वास होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा दोष माझा आहे.

गोष्ट सुरू होते त्र्याण्णव साली, मी तेव्हा परकरात होते. गडहिंग्लजच्या एका पेपरमिंट कारखान्यानं आमच्या प्रेसला एक काम दिलं. पेपरमिंटच्या प्रत्येक पुडीत एक पैलवानाचं कार्ड टाकायचं, असे पन्नास पैलवान. त्यातले बरेचसे जुने, गावोगावच्या आखाड्यांत नाव काढलेले आणि वर्तमानपत्रात कधीच न आलेले. एकतिसावं कार्ड होतं पिराजी कुरणे, कागल. म्हणजे मास्तरांचे वडील. त्यांचा ऐन उमेदीतला एकच फोटो घरात होता, तो मास्तरांनी हौसेनं छपाईसाठी दिला. कारखान्यानं तो घेतला आणि हरवला. पुढं कारखानाही बंद पडला. राहिलं ते कार्ड. बापाचं कार्ड मुलानं स्वतः कापलं होतं, एक प्रत घरी नेऊन भिंतीवर लावली होती.

पिराजी आबा नव्व्याण्णवला गेले. दोन हजार पाचच्या पुरात पंचगंगेचं पाणी मास्तरांच्या गल्लीत छातीएवढं चढलं. पाणी ओसरल्यावर भांडी सापडली, गॅसची शेगडी सापडली, कार्डाचा मात्र लगदा झाला होता. मास्तरांची आई, पारूबाई आजी, मोठ्या खमक्या. पुरात घर गेलं तेव्हा रडल्या नाहीत. पण नंतर अधूनमधून म्हणायच्या, "दादासो, त्येंचं तोंड इसरत चाललंय रं मला. मराच्या आत एकदा दाव."

मास्तरांनी तीन वर्षं ते कार्ड शोधलं. कागलला, इचलकरंजीला, तालमीतालमीतून. पेपरमिंटची कार्डं जपून ठेवतंय कोण? पोरांनी ती कधीच गोट्यांवर उधळली होती.

दोन हजार आठमध्ये ते कार्ड मला सापडलं. प्रेसच्या कॉम्प्युटरवर, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर. तोवर जुनी कार्डं जमवायचं खूळ मोठ्या शहरात शिरलं होतं, आणि त्यांना मार्क देणारी एक कंपनीही दिल्लीत निघाली होती. कार्ड तपासायचं, दहापैकी मार्क द्यायचे, कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं आणि वर लेबल चिकटवायचं, असा त्यांचा धंदा. साइटवर पिराजी कुरणे दोन होते, दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडं. एकाला चार मार्क, किंमत नऊशे. दुसऱ्याला नऊ मार्क, किंमत अठ्ठावीसशे. फोटो नखाएवढे, ओळखू काही येत नव्हतं. चारवाल्याखाली इंग्रजीत कारण लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं. डोक्याच्या उजव्या बाजूला छपाईचा डाग.

मास्तर उसळले. "डाग? आमच्या प्रेसच्या छपाईला डाग? इचार अण्णा मालकास्नी! डागाची एक शीट मी म्होरं जाऊ दिली न्हाय कधी. कुणीतरी पोरानं शाई सांडली असंल त्येच्यावर."

"मग नऊचंच घेऊया की मास्तर," मी म्हटलं. "दहापैकी नऊ आहेत. तपासणारे तज्ज्ञ आहेत, त्यांना कळत नसेल का?"

अठ्ठावीसशे म्हणजे मास्तरांचा अर्धा पगार. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा स्क्रीनकडं. "आईसाठी हाय. चांगलंच घिऊया," म्हणाले. मी ऑर्डर टाकली.

बाराव्या दिवशी पार्सल आलं. मालक शशिधर अण्णांसकट सगळी प्रेस गोळा झाली. मास्तरांनी डबी हातात घेतली आणि सवयीनं आधी कार्डाच्या कडा बघितल्या. त्यांचा चेहरा उतरला. "हे कटिंग माजं न्हाय," ते म्हणाले. अण्णा हसले. "दादासो, पंधरा वर्षांमागचं कटिंग आता तू ओळखणार व्हय?" मास्तर हसले नाहीत. मग त्यांनी कार्डावरचा चेहरा बघितला, बराच वेळ बघितला, आणि डबी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. आम्हाला वाटलं, बाप आठवला असेल.

रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं, कारण कार्ड शोधणारी पोरगी आजींना बघायची होती. आजी दारात उन्हाला बसल्या होत्या. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी मोकळी जागा. मास्तरांनी डबी आईच्या हातात दिली. आजींनी ती उन्हात धरली, प्लास्टिकवरनं बोट फिरवलं, जवळ नेली, लांब नेली.

"कुठलं पावणं हायत हे?" त्यांनी विचारलं.

"आई, आबा हायत. नीट बग की."

"डोळं गेल्यात व्हय माजं? ह्यो न्हवं त्यो. कान कुटं हाय त्येंचा?"

कोल्हापुरात पैलवान ओळखायचा तो कानावरून. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासून, कैचीत दाबून कान मोडतो, सुजतो आणि कागदाचा बोळा करावा तसा कायमचा आखडून जातो. असा कान म्हणजे इथं पदकच. पिराजी आबांचा उजवा कान असा पार चुरगळलेला होता. आजी म्हणाल्या, "मला बगाय आलते तवा म्या पयला त्यो कान बगितला. म्हटलं, कान असा हाय म्हंजे माणूस मागं हटणारा न्हाय." आणि डबीतल्या माणसाला दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, शहरी, जाहिरातीतल्यासारखे कान होते.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुणीतरी जुनं कार्ड स्कॅन केलं होतं. कॉम्प्युटरवर साफसूफ करताना त्या भल्या माणसाला तो मोडका कान छपाईचा डाग वाटला, आणि त्यानं तो पुसून डाव्यासारखा नवा कान बसवला. मग नवी कोरी छपाई, सरळ कटिंग. तज्ज्ञांनी खूश होऊन नऊ मार्क दिले. आणि खऱ्या कार्डाला, खऱ्या कानाला, डाग म्हणून चार.

सोमवारी प्रेस उघडायच्या आत मी कॉम्प्युटरसमोर होते. चारवालं कार्ड विकलं गेलं होतं. कुणी घेतलं ते साइट सांगत नव्हती. त्या विक्रेत्याला मी तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं नाही. मास्तर आल्यावर हे सांगता सांगता मला रडू यायला लागलं. नऊशेत खरा बाप मिळत होता आणि मी तिप्पट पैशात परका माणूस घरात आणून दिला होता.

"तू कशापायी रडतीस?" मास्तर म्हणाले. "डागाचं नाव काढल्यावर उसळलं कोण, मीच न्हवं? माझ्या मिजाशीनं माती खाल्ली. आता लिही त्येंना."

मी लिहिलं. नऊवाल्या विक्रेत्यानं हात झटकले, म्हणाला कंपनीला विचारा. कंपनीकडून आठवड्यानं उत्तर आलं. कोपरे तीक्ष्ण, कडा सरळ, पृष्ठभाग निर्दोष, सबब नऊ मार्क कायम. हरकत असल्यास तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय पाठवावा.

शशिधर अण्णा माणूस चांगला, पण व्यापारी. म्हणाले, "सोड की रं दादासो. पाकीट मारलं समज."

"पैशाचं न्हाय अण्णा," मास्तर म्हणाले, आणि मशीन बंद करून बोलले, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या डबीवर माज्या बापाचं नाव लिवलंय. उद्या कोणबी म्हणंल, ह्योच पिराजी. मी जित्ता हाय तवर असं म्हणू देणार न्हाय. तज्ज्ञ पायजे न्हवं त्येंना? देतो."

तज्ज्ञ म्हणजे आजी. त्यांनी दारात बसून सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पाठवताना सोबत इंग्रजी जोडलं, पण मूळ मजकूर असा होता:

"मी पारूबाई पिराजी कुरणे. मी सत्तेचाळीस वर्षं पिराजी कुरणे यांच्याबरोबर संसार केला. त्यांचा उजवा कान थंडीत ठणकायचा, तो मी माझ्या हातानं शेकला आहे. तुमच्या डबीतला माणूस त्यांच्यासारखा दिसतो, पण तो ते नव्हेत. तुमचे तज्ज्ञ त्यांना किती वर्षं ओळखतात ते कळवावे."

खाली डाव्या हाताचा अंगठा. शेवटचं वाक्य जरा सौम्य करूया का, असं मी विचारलं होतं. आजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी पेन खाली ठेवलं. कागद मास्तरांनी निवडला, प्रेसमधला सगळ्यात भारी, आणि स्वतः कापला.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. नातेवाइकांचं म्हणणं नियमात बसत नाही, विषय आमच्याकडून बंद.

विषय बंद म्हटल्यावर मास्तरांचं डोकं फिरलं. खरेदी करणाऱ्याला साइटवर अभिप्राय लिहिता यायचा, तोही ऐंशी अक्षरांत. त्यांनी तो मला सांगितला आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केला. "कान नसलेला पिराजी कुरणे खोटा. खऱ्याला यांनी चार मार्क दिले. त्याचा मुलगा."

ती ओळ कुणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. पण असल्या कार्डांमागं लागलेले लोक एकमेकांना धरून असतात. महिन्याभरात दोघातिघांनी त्याच विक्रेत्याच्या कार्डांखाली कानांबद्दल विचारायला सुरुवात केली. आणि एका दुपारी प्रेसच्या फोनवर खुद्द विक्रेता आला. हिंदीत, एकदम गोड. सगळे पैसे परत देतो, वर पाचशे देतो, कार्डही तुम्हालाच राहू द्या. फक्त ती ओळ काढा आणि त्या जागी लिहा की गैरसमज झाला होता, कार्ड अस्सल आहे.

मास्तरांच्या पोरीची, अक्षताची, डिप्लोमाची फी त्याच महिन्यात भरायची होती. हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. मास्तरांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"पावणं," ते म्हणाले, हिंदी त्यांना पुरेसं येत असून मराठीतच म्हणाले, "तुमचं पैसं तुमच्याजवळ असू द्यात. बाप असा लिहून देत न्हाईत आमच्यात." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. खरं सांगायचं तर मला आजींची भीती वाटत होती. घरात अडचण, आणि लेक आलेले पैसे नाकारून आलेला. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "ह्योच पिराजी हाय म्हणून लिहून आला असतास," त्या म्हणाल्या, "तर ह्या दारात हुबं केलं नसतं तुला." मग डबी लेकाच्या हातात दिली. "आनि ह्येला बी घरात ठिवू नगं. कुणाला इकू बी नगं."

प्रेसमध्ये खराब निघालेली शीट तशीच टाकत नाहीत. ती चुकून चांगल्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून तिरकी कापतात. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हातोडीनं डबी फोडली. कार्ड बाहेर काढून मशीनवर तिरकं लावलं आणि थांबले. कान सोडला तर बाकी सगळे त्यांचे वडीलच होते. तेच कपाळ, त्याच मिशा, तीच छाती. त्याच्याहून जवळचं असं त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि आजतागायत मिळालेलंही नाही. मी म्हणाले, "मास्तर, राहू द्या." त्यांनी डोळे पुसले आणि पातं खाली आणलं.

दोन्ही तुकडे आणि नऊ मार्कांचं ते लेबल पाकिटात घालून कंपनीच्या पत्त्यावर पाठवायचं होतं. पत्ता मी टाइप करून दिला. पाठवणाऱ्याचं नाव मात्र त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेऊन स्वतः लिहिलं. दादासो पिराजी कुरणे. त्यातलं 'पिराजी' त्यांनी दोनदा गिरवलं.