सिलिंडरला घातलेला हार
झेंडूचा वास आला की मला धारवाडची आमची प्रयोगशाळा आठवते. खंडेनवमीला तिथल्या म्हाताऱ्या शिपाई अण्णांनी यंत्रांबरोबर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरलाही हार घातला आणि पूजेपुरता बंद केलेला गॅस सुरू करायला ते विसरले. दुपारी मी पाहिलं, तर दिव्यांखालच्या बाटल्यांत नुसती साधी हवा बुडबुडत होती आणि माझ्या हिरव्या शेवाळाची वाढ थांबली होती. ते मेलं तर दोन महिन्यांचं काम वाया जाणार होतं. “मेलं काय हो अक्का?” अण्णांनी घाबरत विचारलं. “आता विचारून काय उपयोग? घरी जावा,” मी तोडून बोलले. एवीतेवी प्रयोग बिघडलाच होता, म्हणून काय होतं ते पाहायला गॅस मी तसाच बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी असूनही ते सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. मी मोजलं, तर साध्या हवेवरच वाढ पुन्हा सुरू झालेली! कार्बन कमी पडताच पेशींनी मिळेल तेवढा ओढून आत साठवायची सोय करून घेतली होती. “म्हणजे आमच्यापेक्षा शहाणं की,” असं म्हणत अण्णांनी खिशातून बन्नीची, म्हणजे शमीची पानं काढून दसऱ्याचं सोनं म्हणून माझ्या हातात ठेवली. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. माफी मागायला मला आजही फारसं जमत नाही. त्या दिवशी तेवढं जमलं.