मित्र नसलेल्यांचे कंट्रोलर

माणसांचा इतका तिटकारा असलेला आणि माणसांविषयी इतकं वाचलेला दुसरा इसम अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडणार नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे मामा. निलंग्याच्या बसस्टँडवर त्यांनी कंट्रोलर म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर उदगिरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर केलं. त्या दोन गल्ल्या मला कायम अपुऱ्या वाटत आल्या आहेत. स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीबद्दल ज्या तुच्छतेनं ते माईकवर बोलायचे, तीच तुच्छता दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले, की आमच्या वरणात पडायची; मीठ कमी आणि अपमान जास्त व्हायचा. शेजाऱ्याला ते “रिकामं पोतं” म्हणत, आपल्या सख्ख्या भावाला “असून नसल्यासारखा”, आणि मला, पुतण्यांच्या देखत, “पंचायत समितीतला बाबू, पण स्वभावानं गरीब हाय.” त्यातला ‘पण’ मला आजतागायत समजलेला नाही.

एवढा कडू माणूस, पण कादंबरीतल्या माणसांसाठी त्यांचा जीव तीळ तीळ तुटायचा. तोही सगळ्यांसाठी नाही, ज्यांना मित्र नाहीत त्यांच्यासाठी. वाचनालयातल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या, दोन हातांनी धरायच्या कादंबऱ्या ते घरी आणत आणि नायकाला मित्र किती, एवढंच शोधत. प्रेमप्रकरण आलं की पानं उलटत. खून झाला तरी त्यांना त्याचं काही नसे. पुस्तक संपलं की मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं निकाल लिहून ठेवत. “मित्र एक, तोही कामाचा न्हाई.” “याला मित्र होता, पण यानंच वळख दिली न्हाई.” वाचनालयातल्या बाईंनी एकदा त्यांना खोडरबर देऊन अख्खी सकाळ बसवून ठेवलं. बावीस पुस्तकं खोडून मामा उठले आणि जाताना म्हणाले, “बाई, तुमच्या नादानं बावीस माणसं पुन्हा एकटी पडली.” बाईंना हसावं की तक्रार लिहावी कळेना.

वाचनालयात एकदा बाहेरगावचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. विषय होता अभिजात कादंबरीतलं एकाकीपण. प्राध्यापक डोळे मिटून बोलत होते. मोठा नायक हा एकटाच असतो, त्याचं दुःख समजणारं कुणी नसतं, वगैरे. समोरची पंधरा डोकी माना हलवत होती, त्यात माझीही होती, कारण चहा नंतर होता. मामा उभे राहिले. “साहेब, ह्या तुमच्या नायकाला रोज जेवण कोण आणून देतं?” प्राध्यापकांनी डोळे उघडले. म्हणाले, “त्या कादंबरीत एक म्हातारी घरकामवाली आहे.” मामा म्हणाले, “मग ती काय भिताड हाय का? रोज दार वाजवती, जेवला का इचारती, तापात पाय चेपती. तिला मोजायचं न्हाई आन् मी एकटा, मी एकटा म्हणून तीनशे पानं रडायचं. हे एकाकीपण न्हाई, ही मस्ती हाय.” व्याख्यान तिथंच विस्कटलं. मला मात्र घरी येताना राहून राहून वाटत होतं, की मामी गेल्यापासून नऊ वर्षं या माणसाला दोन वेळचा डबा माझी बायको पोचवते, आणि हाच माणूस येईल त्याला सांगतो, “आमचं काय, आम्ही एकटा जीव.” मी हे बोललो असतो, पण स्वभावानं गरीब पडलो.

अख्ख्या उदगिरात मामांना माणूस म्हणून एकच गृहस्थ मान्य होते, ते म्हणजे निवृत्त गुरुजी. विहाराच्या मागच्या गल्लीत राहायचे. अंगानं काटकुळे, आवाज इतका हळू, की वर्गातल्या पहिल्या बाकालाच शिक्षण मिळालं असावं. मामा एक पुस्तक वाचत, मग गुरुजी तेच वाचत, आणि मग दोघं वाचनालयाच्या पायरीवर बसून तासन् तास त्या पुस्तकातल्या माणसांची इज्जत काढत. ही मैत्री मोडली तीही एका कादंबरीवरूनच. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात हद्दपार केलेला एक वकील, आणि त्याला एकही पत्र न लिहिणारा त्याचा जिवलग मित्र. मामांनी त्या मित्राला शिव्यांची लाखोली वाहिली. गुरुजी सगळं ऐकून शांतपणे म्हणाले, “कंट्रोलर, पत्र वकिलानं तरी कुठं लिहिलं? पुस्तक चाळून बघा. तोबी नुसती वाट बघत बसला.” मामांनी रात्रभर नव्हे, चांगले तीन दिवस ते पुस्तक चाळलं. वकिलाचं एकही पत्र सापडलं नाही. गुरुजींचं बरोबर निघालं, हा गुन्हा मामांच्या कायद्यात माफीलायक नव्हता. त्यांनी पायरीवर जाणं बंद केलं. गुरुजींना वाटलं, रागावलेत, येतील. मामांना वाटलं, चुकलं म्हणायला येतील. दोन शहाणी माणसं, एका गावात, चालत सात मिनिटांच्या अंतरावर, चार वर्षं एकमेकांची वाट बघत बसली. त्या चार वर्षांत मामांनी आणखी सत्तरेक कादंबऱ्या वाचल्या आणि मित्र कसा नसावा यावर आमच्या घरी दर रविवारी प्रवचन दिलं.

एका रविवारी भाकरी वाढता वाढता माझी बायको म्हणाली, “मामा, गुरुजींना दिसंना झालंय.”

“मग मी काय करू, डोळ्याचा डॉक्टर हाय का मी,” मामा म्हणाले आणि वरणात भाकरी कुस्करू लागले. मग ताटाकडेच बघत त्यांनी विचारलं, “कोणता डोळा?”

“दोन्ही. आता काय होत न्हाई म्हणालेत डॉक्टर. अक्षर तर बिलकुल दिसत न्हाई.”

मामांनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकरी तशीच. मला म्हणाले, “जावईबापू, गाडी काढा.”

गुरुजी ओसरीवरच्या पलंगावर बसले होते. पावलांकडे कान करून त्यांनी विचारलं, “कोण हाय?” ज्या माणसानं पाच-पाचशे प्रवाशांना माईकवरून झापलं, तो दारात चप्पल घालून नुसता उभा. मी नाव सांगणार, तेवढ्यात मामांची नजर पलंगाखाली गेली आणि त्यांना एकदम कंठ फुटला. “पुस्तकं अशी जमिनीवर ठिवतेत का? वाळवी लागंल न्हाई तर काय. कामून ठिवली अशी?”

गुरुजींनी मान खाली घातली. मग ते पलंगावर जरा सरकले आणि बाजूच्या जागेवर हात ठेवत म्हणाले, “बसा. मला तरी ती काय करायची होती आता.”

“मी कशाला हाय मग,” मामा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खेकसल्याचा होता. मी अंगणात जाऊन उगाच गाडी पुसत बसलो.

त्या दिवसापासून मामा गुरुजींना वाचून दाखवू लागले. वाचन अत्यंत वाईट. निसर्गवर्णन आलं की गाळायचे आणि गुरुजी पकडायचे, “कंट्रोलर, मधलं डोंगराचं खाल्लं तुम्ही.” नायिका रडायला लागली की, “हिचं नेहमीचंच हाय,” असा शेरा मारून पुढच्या पानावर. दीड वर्ष असं चाललं. मग गुरुजींची लेक त्यांना कायमचं नांदेडला घेऊन गेली. एकट्या आंधळ्या माणसाला ठेवायचं तरी कसं, तिचंही खरं होतं. निरोपाला मामा गेले नाहीत. पाठ दुखते म्हणाले.

आता दर रविवारी सकाळी नऊ वाजता ते नांदेडला फोन लावतात, तो स्पीकरवर टाकून पुस्तकाला टेकवतात आणि एक प्रकरण वाचतात, ते जेवणवेळ टळेपर्यंत चालतं. त्यामुळे आमच्याकडे येणं बंद झालंय. वरणाला आता कुणी नावं ठेवत नाही, आणि खरं सांगायचं तर ते तितकंसं चांगलंही लागत नाही. परवाच्या रविवारी मीच डबा घेऊन गेलो. मामा वाचत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हातानंच बस म्हणून खुणावलं. मी डबा ठेवून निघणार होतो, पण बसलो. कुणीतरी कुणाच्या तरी घरी बऱ्याच वर्षांनी आलं होतं, आणि घरातला माणूस दिवा घेऊन जिना उतरत होता. गोष्ट मधूनच ऐकत असल्यानं कोण कुणाचं काय लागतं ते मला कळत नव्हतं. फोनमधून मधूनमधून “हं” असा बारीक आवाज येत होता. प्रकरण संपेपर्यंत माझ्यानं उठवलं नाही.