रेन्पेच्या दगडावरचं पिल्लू

पेतेहोर इजिप्तमधल्या होरस देवाच्या देवळात भिंती कोरायचा. आजा तेच करायचा, बापही तेच. देऊळ काही पुरं होत नव्हतं. लिपिकाने लाल रंगात घुबड, साप, बोरू अशी चित्राक्षरं आखून द्यायची, याने छिन्नी धरायची. उभा जन्म त्यात गेला आणि डोळेही त्यातच. आता भर दुपारीसुद्धा त्याला सगळं पुरातल्या नाईलच्या पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसे.

आणि बायकोच्या थडग्याचा दगड अजून राहिलाच होता. रेन्पे गेली तिला वर्ष उलटलं. दगडावर नाव आणि भाकरी कोरल्याशिवाय तिला पलीकडे ना नाव, ना घास. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना.

अंगणात खजुरीखाली बसून तो बोटांनी रेघा चाचपीत कोरी. शेजारचा निकानोर, ग्रीक पलटणीतला म्हातारा शिपाई, बिअर पीत बघत राही.

"आमच्या भाषेत याला पवित्र कोरीवकाम म्हणतात," तो म्हणाला.

"कोरीवकाम? आम्ही देवाचं बोलणं म्हणतो. मी नुसतं कोरतो, बोलतो तो."

"मग तू एवढा गप्प का?"

"ऐकायला नको? तू बडबडत असतोस ते वेगळं!"

शेवटचं चिन्ह उरलं, लाव्याचं पिल्लू. थडग्यावरच्या पाखरांना पाय कोरायचे नाहीत, ही गावची रीत. पाय दिले की पाखरू जिवंत होतं आणि मेलेल्याची भाकरी टिपतं. पेतेहोरने उभ्या हयातीत ती मोडली नव्हती.

पिल्लाच्या पोटाशी त्याचं बोट थांबलं. लाव्यांचे थवे उतरत तेव्हा रेन्पे दारात बसून भाकरी कुस्करायची आणि त्यांच्याशी तासन्‌तास बोलायची. याला मेलीने कधी एवढं ऐकवलं नव्हतं. खजुरीची सावली दगडावर हलली. दगडाच्या आत काहीतरी फडफडल्यासारखं त्याला वाटलं.

त्याने छिन्नी टेकवली. एक पाय. मग दुसरा.

"बाबा!" लेक ताशेरे धावत आली. "दिसत नाही तर विचारायचं तरी! पाय कोरलेत तुम्ही! आईची भाकरी खाईल ना ते!"

"दिसतंय मला."

"मग?"

पेतेहोरने दगडावरची धूळ फुंकली.

"खाऊ दे. तिला एकटीला कधी घास गेलाय?"

ताशेरेने वाकून कोरलेल्या भाकरीवर बोट ठेवलं.

"निदान भाकरी तरी आणखी एक कोरा," ती म्हणाली.