पाहुण्यांसाठी पाडलेला खाडा

“या सगळ्या आया दुपारी घरीच असतात?” गाडीतून उतरल्या उतरल्या मॅडमनी विचारलं.

मी समोर बघितलं. खामगावातल्या आमच्या केंद्राच्या दारात सडा-रांगोळी. दोन्ही बाजूंना आया उभ्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, हातात औक्षणाची ताटं. प्रत्येकीच्या बोटाला तिचं पोर, तेल चोपडलेलं, पावडर फासलेलं. आत हॉलमध्ये सतरंजी रिकामी.

मी तेव्हा या केंद्राची प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते. म्हणजे पैसे मागणारी आणि दोन्हीकडून बोलणी खाणारी. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत मुलं सांभाळायची, त्यांना खाऊ घालायचं, अभ्यास घ्यायचा, एवढंच आमचं काम. आया बहुतेक जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात. जुन्या देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. आता सगळी भिस्त मुंबईच्या एका कंपनीच्या सीएसआरवर. म्हणजे कंपनीनं नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करायचा असतो, तो. पण देण्याआधी त्यांचा माणूस येऊन गरज खरी आहे का ते बघतो. याला फील्ड व्हिजिट म्हणतात, आणि मॅडम त्यासाठीच आल्या होत्या. ही व्हिजिट फसली, तर महिनाअखेरीस केंद्राला कुलूप लागणार होतं.

आणि व्हिजिट माझ्या डोळ्यांदेखत फसत होती. मॅडमना घ्यायला मी शेगाव स्टेशनवर गेले, तेवढ्यात या बायांनी हा घाट घातला.

त्या आयांमधल्या वंदनाला मी बाजूला ओढलं. “अगं, कामावर काऊन नाही गेलीस?”

“पाव्हणे येऊन राह्यले न ताई! त्यायच्या पुढं आपलं कोणीच नाही, बरं दिसते का ते? साऱ्याजणींनी खाडा पाडला आज.”

खाडा म्हणजे बिनपगारी गैरहजेरी. माझ्यासाठी, पोरांसाठी यांनी आजची मजुरी सोडली होती. मला रडू येत होतं आणि एकेकीला धरून हलवावंसंही वाटत होतं.

मॅडमनी हातातली फाइल उघडली. “तुमच्या प्रपोजलमध्ये आया संध्याकाळपर्यंत कामावर असतात असं आहे. मला तर प्रत्येक मूल आईजवळ दिसतंय.”

“मॅडम, त्या आज तुमच्यासाठी...”

“असं सगळेच सांगतात हो,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. त्यांचंही काय चुकलं? साड्या तर झगमगत होत्या.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन रांगोळीवरच थांबली. जिनिंगचे मुकादम गजाननभाऊ. बायांना कामावर लावायचं काम त्यांचं. माणूस रागानं लाल.

“इथं आहेत का साऱ्या! अन् तिकडं मशिनी बंद पडून राह्यल्या! कापसाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे आहेत. मालक मले खाऊन राह्यला!” मग माझ्याकडे वळून, “ताई, तुमाले काही समजते का? कार्यक्रमच घ्याचा होता त रविवारी घ्याचा!”

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मात्र तोंड मिटून उभी राहिले. बोलू दे म्हटलं, चांगलं मोठ्यानं बोलू दे!

मॅडम पुढे झाल्या. “या बायका रोज किती वेळ असतात तुमच्याकडे?”

“अंधार पडेस्तोर.”

“आणि मुलं?”

“पोट्टे इथं राहतात म्हणून त बाया येतात! पहिले संगं आणत होत्या. कापसाच्या गंजीवर नाचायचे लेकाचे. या वंदनाची पोट्टी ट्रॅक्टरच्या चाकाखाली येता येता वाचली. मीच ओढली तिले.” भाऊंचा आवाज एकदम खाली आला. वंदनानं पोरीला जवळ घेतलं.

“आणि हे केंद्र बंद झालं तर?”

“बंद? काऊन बंद?” भाऊंनी मलाच विचारलं. “मंग काय, मशिनीत कापूस मी टाकू?”

बाया फिसकन हसल्या. मॅडमही हसल्या. मग त्यांनी साडीचा पदर सावरला आणि म्हणाल्या, “आधी माझं औक्षण करा. मग सगळ्या कामावर जा. मला केंद्र चालताना बघायचंय.”

आणि गेल्या हो! काठपदराच्या साड्या खोचून, भाऊंच्या मोटरसायकलमागे, हसत-खिदळत गेल्या. पोरं आत आली, हातपाय धुतले, चिवड्यावर तुटून पडली. वंदनाची पोरगी पाढे म्हणायचं सोडून मॅडमच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचत बसली. अंधार पडल्यावर आया पोरं न्यायला आल्या, तेव्हा केसांत कापूस आणि नाकावर धूळ. मॅडम तोवर हलल्या नव्हत्या.

तीन वर्षांची मंजुरी आली. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून चक्क टाळ्या पिटल्या. त्याच आठवड्यात जिनिंगच्या मालकांनीही निरोप धाडला, “पोरांचा रोजचा खाऊ आमच्याकडून.” उपकार म्हणून नव्हे. मशिनी बंद पडल्या की काय होतं, ते त्यांनी एक दुपार बघितलं होतं.

प्रपोजल मी अजूनही मन लावून लिहिते. पण फंड देणारे येणार असले, की आयांना अजिबात सांगत नाही. फक्त गजाननभाऊंना फोन करते, “भाऊ, उद्या जरा भांडायला या.”